गोव्यातले अंगणवाडी मानधन: टिकलेलीला बरे, नवीला तोकडे

लहान मुले सांभाळणारी बाई कामावर यावी आणि आलेली टिकावी, यासाठी सरकार गोव्यात जे पैसे मोजते त्याचे हे परीक्षण. ही योजना वापरणाऱ्या बायका दोन प्रकारच्या. एक, बारावी होऊन अंगणवाडीत अर्ज करावा की वेर्णेच्या औषध कंपनीत जावे या विचारात असलेली. दुसरी, त्याच वाड्यावर वीस वर्षे मुलांची वजने घेत आलेली. दोघींसाठी नियम तेच असले तरी दुसरीला ही योजना बरी वाटते आणि पहिलीला ती दारातच परत पाठवते.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. हाती पडतो तो पगार नव्हे, मानधन. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली तेव्हापासून सेविका कागदोपत्री ‘मानद’ कार्यकर्ती आहे. सेविकेचे पद हे नागरी सेवेतले पद नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात म्हटले. त्यामुळे महागाई भत्ता, वेतन आयोग, वेतनश्रेणी हे शब्द इथे आपोआप लागू होत नाहीत. वाढ मिळायची तर दर वेळी कोणीतरी ती जाहीर करावी लागते, आणि जाहीर करून घेण्यासाठी पणजीच्या आझाद मैदानावर बसावे लागते.

रकमेचे थर तीन आहेत. पहिला केंद्राने ठरवलेला: सेविकेला महिना ४,५०० रुपये, मदतनीसेला २,२५०. हे दर १ ऑक्टोबर २०१८ पासूनचे. त्याआधी ते ३,००० आणि १,५०० होते. पुढची सात वर्षे हा आकडा जागचा हलला नाही. गॅस, बसभाडे, नारळ यांचे भाव मात्र हलत राहिले. शिवाय याला लोक ‘केंद्राचे पैसे’ म्हणतात ते अर्धसत्य आहे. गोव्यासारख्या राज्यांत हा खर्च केंद्र आणि राज्य यांत ६०:४० वाटला जातो. म्हणजे ४,५०० पैकी २,७०० दिल्लीचे आणि १,८०० गोव्याच्याच तिजोरीतले.

दुसरा थर राज्याच्या स्वतःच्या वाढीव मानधनाचा. गोव्याच्या योजनेत खरा दम आहे तो इथे. बऱ्याच राज्यांत राज्याची भर सगळ्यांना सारखी असते. गोव्यात ती सेवेच्या वर्षांप्रमाणे टप्प्याटप्प्याने चढते. ज्येष्ठ सेविकेच्या हाती पडणाऱ्या रकमेत राज्याचा वाटा केंद्राच्या वाट्याहून मोठा असतो. बाई टिकवण्याच्या दृष्टीने ही रचना शहाणपणाची आहे. पुढच्या टप्प्याला दोन वर्षे उरलेली बाई सहसा सोडून जात नाही. मूल एका ओळखीच्या चेहऱ्याजवळ तीन वर्षे राहिले पाहिजे, हेच तर या कामाचे निम्मे मर्म.

पण टप्पा म्हटला की मोजणी आली आणि मोजणीत घोळ होतात. पहिला घोळ तारखेचा. नेमणुकीच्या आदेशावरची तारीख एक, प्रत्यक्ष रुजू झाल्याची दुसरी, आणि कार्यालयाच्या नोंदवहीत तिसरीच, असे होऊ शकते. टप्पा कोणत्या तारखेपासून धरला आहे ते बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून लेखी घ्यावे, तेही टप्पा येण्याच्या सहा महिने आधी. दुसरा घोळ मदतनीसेची सेविका झाल्यावरचा. मदतनीस म्हणून घालवलेली वर्षे नव्या पदाच्या टप्प्यात धरणार की शून्यापासून सुरुवात, हे बढतीच्या आदेशात स्पष्ट लिहिलेले नसेल तर आदेश स्वीकारतानाच लेखी विचारावे. नंतर विचारले तर फाईल फिरत राहते. तिसरा घोळ लग्नाचा. सेविका त्या भागातली रहिवासी असावी ही अट आहे. सत्तरीतली मुलगी लग्न होऊन काणकोणला गेली की नोकरी आणि वर्षे दोन्ही मागे राहण्याची भीती असते. टिकवण्यासाठी बांधलेल्या योजनेतली ही सर्वांत मोठी गळती, आणि पैसे वाढवून ती बुजणारी नाही. दुसऱ्या गटात रिकाम्या जागी बदली मिळाली आणि मागची वर्षे सोबत गेली, तरच बुजेल.

तिसरा थर कामगिरीवर मिळणाऱ्या प्रोत्साहनाचा. पोषण अभियान मार्च २०१८ मध्ये सुरू झाले. त्यात सेविकेला महिना ५०० रुपये मिळतात ते मोबाईलवरच्या नोंदींसाठी, आणि मदतनीसेला २५० मिळतात ते केंद्र नीट चालावे म्हणून. आधीचे अॅप जाऊन १ मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर आला. आमच्या मते सगळ्या योजनेतला हाच भाग सर्वांत कच्चा. पाचशे रुपये मिळतात ते मुलाचे वजन वाढले म्हणून नव्हे, तर वजनाची नोंद वेळेत चढली म्हणून. नोंद चढण्यासाठी रेंज लागते. नेत्रावळी किंवा सुर्लाच्या बाजूला ती मिळेलच असे नाही. ज्या केंद्रावर पोचायला सर्वांत त्रास, त्याच केंद्राचे प्रोत्साहन आधी अडकते, म्हणजे उद्देशाच्या नेमके उलट. शिवाय १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा पोषण आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा फोनने ओळखणे सक्तीचे झाले. गर्भवती बाई दारात उभी, तिचे केवायसी अपुरे, फोन फिरतोय: हा वेळ कुठल्याच थरात मोजलेला नाही.

अटी घातलेले छोटे प्रोत्साहन आणि बिनअटीची खात्रीची रक्कम यांतला फरक अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने मोजून पाहिला आहे. तिथे २०१९ मध्ये काही केंद्रांना चिठ्ठ्या टाकून निवडले आणि तिथल्या शिक्षिकांना आठ महिन्यांत १,५०० डॉलर तीन हप्त्यांत दिले. अट एकच: त्याच केंद्रात कामावर असणे. पाळणाघरांतल्या शिक्षिकांत काम सोडण्याचे प्रमाण ३० टक्क्यांवरून १५ वर आले. नोंदी किती केल्या, अॅप किती वेळा उघडले, हे कोणी विचारले नाही. गोव्याची वर्षांप्रमाणे चढणारी भर याच जातकुळीची आहे, दिल्लीचे पाचशे रुपये नाहीत. राज्याने ५०० रुपयांच्या अटींचा पाठपुरावा करण्यात जितकी माणसे गुंतवली आहेत, तितकी टप्प्यांच्या नोंदी दुरुस्त करायला लावली तर जास्त बायका टिकतील.

आता नव्या बाईकडे वळू. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सेविकेसाठी बारावी, मदतनीसेसाठी दहावी आणि भरतीचे वय १८ ते ३५. गोव्यात याच्या जोडीला मामलेदारांकडचा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, त्याच भागात राहत असल्याचा पुरावा, आणि सरकारी जाहिरातींतली नेहमीची ओळ: कोकणी यायलाच हवी, मराठी आली तर उत्तम. जाहिरात कळायची जागा म्हणजे वर्तमानपत्र, पंचायतीचा फलक आणि प्रकल्प कार्यालय. मुदत थोडी असते, म्हणून वास्तव्याचा दाखला आधीच काढून ठेवावा. जाहिरात आल्यावर मामलेदार कार्यालयात जाणाऱ्यांची मुदत दाखल्याची वाट पाहण्यातच संपते.

कागद जमतात, पण पहिल्या टप्प्याची रक्कम जमत नाही. बारावी झालेल्या मुलीपुढे गोव्यात पर्याय आहेत: वेर्णे, कुंडई, डिचोलीच्या औद्योगिक वसाहती, किनाऱ्यावरची हॉटेले, म्हापशाची दुकाने. तिथे भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, कर्मचारी राज्य विमा असतो, कंपनीची बस दारात येते. अंगणवाडीच्या बाजूने तीन गोष्टींचा जोर: घराजवळची जागा, दुपारी मोकळे होणे, आणि वाड्यावरचा मान. ज्या बाईचे स्वतःचे मूल लहान आहे तिला हे तिन्ही मोलाचे. जिच्या घरी कमावणारे दुसरे कोणी नाही तिला नाहीत. परिणामी ही योजना दुसऱ्या कमाईच्या आधारावर उभ्या असलेल्या घरातल्या बाईलाच परवडते. खरी गरज असलेली बाई पहिल्या टप्प्यात टिकू शकत नाही, आणि वरचे टप्पे तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. शिडी चांगली, पण पहिली पायरी फार उंच बसवली आहे.

मदतनीसेचा हिशेब तर याहून वाईट. आकडे शेजारी ठेवून पाहा: ४,५०० आणि २,२५०. ५०० आणि २५०. मदतनीस म्हणजे बरोब्बर अर्धी सेविका, असे दिल्लीने कधी तरी ठरवले आणि तेच सूत्र सगळीकडे चालू आहे. प्रत्यक्षात केंद्र सकाळी उघडणे, झाडणे, पाणी भरणे, मुलांना घरून आणणे, त्यांचे हात धुणे, जेवण वाढणे, शी-शू, भांडी, आणि सेविका बैठकीला गेली की सगळी मुले एकटीने सांभाळणे हे काम अर्धे नाही. गोव्यात गरम आहार महिला मंडळे आणि स्वयंसाहाय्य गट पुरवतात, त्यामुळे निदान चूल तिच्या गळ्यात नाही. काही राज्यांत तीही असते. वॉशिंग्टन शहराने २०२२ मध्ये बालसंगोपन केंद्रांतल्या बायकांना वेतनातली तफावत भरून काढायला एकरकमी पैसे दिले, तेव्हा मुख्य शिक्षिकेला १४,००० डॉलर आणि सहायक शिक्षिकेला १०,००० असा हिशेब धरला. म्हणजे सत्तर टक्क्यांहून थोडे अधिक. गोव्याने केंद्राचे प्रमाण बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. स्वतःच्या भरीत ते आजही बदलता येते.

मदतनीसेच्या बाजूने एक तरतूद चांगली आहे आणि ती पुरेशी वापरली जात नाही. केंद्राच्या सूचनांनुसार सेविकांच्या रिकाम्या जागांपैकी निम्म्या पाच वर्षे अनुभव असलेल्या मदतनीसांतून भरायच्या आहेत, आणि पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा पाच वर्षे अनुभव असलेल्या सेविकांतून. अर्थात शिक्षणाची अट पूर्ण हवी. दहावीवर लागलेल्या मदतनीसेने बारावी बाहेरून करून ठेवली तर हा दरवाजा उघडतो. रुजू झालेल्या वर्षीच परीक्षेचा अर्ज भरलेला बरा; जागा निघाल्यावर अभ्यासाला बसण्यात अर्थ नाही.

पैसे खात्यात पोचण्याची सेवा कशी आहे? बहुतेक महिने ठीक. अडते तेव्हा कारणे ठराविक असतात. रक्कम आधार जोडलेल्या खात्यात जाते, आणि ज्या बँकेत आधार शेवटचे जोडले तीच बँक धरली जाते. गृह आधारसाठी (गृहिणींना मदत देणारी गोव्याची योजना) किंवा गॅसच्या अनुदानासाठी मध्येच दुसरे खाते उघडून आधार तिथे दिले असेल तर मानधन त्या विसरलेल्या खात्यात जाऊन बसते, आणि बाई तीन महिने प्रकल्प कार्यालयात चकरा मारते. कार्यालयात जाण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली दिसते ते पाहावे.

दुसरे कारण नावाचे. बारावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, जन्मदाखल्यावर जुन्या पद्धतीचे तिसरेच. गोव्यात नाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे आणि ते काम नागरी नोंदणी कार्यालयातून होते. केवळ प्रतिज्ञापत्र पुरेल असे धरून चालू नये. हे काम नेमणुकीच्या वर्षी करून टाकावे. निवृत्तीच्या वर्षी करायला गेले तर उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) कागद तिथेच अडतो.

तिसरे कारण कोणाच्याच हातात नसलेले: केंद्राचा हप्ता उशिरा आला की त्या भागाची रक्कम मागे राहते आणि राज्याचा वाटा वेगळा जमा होतो. पासबुकात एका महिन्याच्या दोन नोंदी दिसल्या तर गोंधळून जाऊ नये. पण दोन्हींची बेरीज करून महिना पूर्ण झाला का, हे वहीत टिपत जावे. विशेषतः चतुर्थीच्या आधीचा महिना.

वाढ जाहीर झाली की आणखी एक गैरसमज होतो. अर्थसंकल्पाच्या भाषणातला आकडा म्हणजे मिळालेला आकडा नव्हे. तो अधिसूचनेत आला पाहिजे, त्यात लागू होण्याची तारीख असली पाहिजे. थकबाकी मागायची ती त्या तारखेपासून. भाषणाचे कात्रण घेऊन गेलेल्या बाईला कार्यालय काहीच देऊ शकत नाही. राजपत्राची प्रत घेऊन गेलेलीला उत्तर द्यावे लागते.

मानधनाच्या बाहेरची मिळकतही परीक्षणात धरली पाहिजे, कारण बरेच जण ती ‘वरकमाई’ म्हणून सांगतात. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून काम दिल्यास निवडणूक आयोग वर्षाला मानधन देतो. २०२५ मध्ये ते ६,००० वरून १२,००० झाले. महिन्याला हजार रुपये. पण याद्यांची फेरतपासणी लागली की ती बाई दारोदार फिरते आणि केंद्र मदतनीसेवर पडते. मुले सांभाळणाऱ्या बाईला मुलांपासून दूर नेणारी कमाई टिकवण्याच्या योजनेत जमेला धरता येत नाही.

पाळणाघराचा विषय इथे निघतोच, कारण गोव्यात नोकरी करणाऱ्या आया पुष्कळ आणि अंगणवाडी दुपारी बंद. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येते: सहा महिने ते सहा वर्षांची मुले, रोज साडेसात तास, महिन्याला २६ दिवस. त्यासाठी वेगळ्या पाळणाघर सेविकेला ५,५०० आणि मदतनीसेला ३,००० रुपये. महिन्याचे १९५ तास होतात. भागून पाहा: तासाला सेविकेला २८ रुपये, मदतनीसेला १५. या दराला पणजीत चहा आणि वडापाव येणे कठीण. पाळणाघर हवे असे प्रत्येक पंचायत म्हणेल, पण या पैशांत सहा महिन्यांच्या बाळाला साडेसात तास सांभाळणारी बाई वास्को किंवा मडगावात मिळणार नाही. राज्याने स्वतःची भर घातल्याशिवाय हा फलक लावण्यातच अर्थ नाही.

भर कशी घालावी याची दोन उदाहरणे बाहेर तयार आहेत. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२४ पासून बालसंगोपनातल्या कामगारांच्या वेतनात १० टक्के आणि वर्षभराने आणखी ५ टक्के भर सरकारी पैशातून घातली. पैसे घेणाऱ्या केंद्राला फी ठरावीक मर्यादेपलीकडे वाढवायला मनाई केली. वाढ पालकांच्या खिशातून निघू नये ही तिथली हुशारी. गोव्यातल्या खासगी बालवाड्यांना कधी मदत द्यायची झाली तर हीच अट आधी घालावी. दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या केंटकी राज्याचे: २०२२ मध्ये तिथे बालसंगोपन केंद्रात आठवड्याला वीस तास काम करणाऱ्या आईबापांच्या स्वतःच्या मुलांचे शुल्क सरकारने भरायला सुरुवात केली. दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या बाईचे मूल कोण सांभाळणार, हा प्रश्न त्यांनी पगाराइतकाच महत्त्वाचा मानला. गोव्यात पहिल्या टप्प्यातल्या सेविकेसाठी अशी सोय रोख वाढीपेक्षा स्वस्त पडेल.

रजा आणि विमा यांबद्दल थोडक्यात. प्रसूतीची १८० दिवसांची भरपगारी रजा आणि वर्षाला २० दिवस रजा केंद्राच्या सूचनांत आहे. जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा या दोन्ही योजनांचे प्रत्येकी दोन लाखांचे संरक्षण आहे, पण खात्यात वारस नोंदवलेला असेल तरच घरच्यांना ते विनाकटकट मिळते. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात सेविका आणि मदतनीसांना आयुष्मान भारतमध्ये घेण्याची घोषणा झाली. कार्ड काढून ठेवावे.

निवृत्तिवेतनाच्या बाबतीत एक सापळा आहे. श्रमयोगी मानधन योजनेत साठीनंतर महिना ३,००० रुपये मिळतात, आणि बाईने भरले तितकेच केंद्र भरते. एकोणतिसाव्या वर्षी प्रवेश घेतला तर महिना १०० रुपये. पण प्रवेश १८ ते ४० या वयातच आणि मासिक उत्पन्न १५,००० पर्यंत असेल तरच. गोव्यात वर्षांच्या टप्प्यांनी उत्पन्न चढत जाते आणि वयही. बाईला पेन्शनची आठवण होते तोवर दोन्ही दरवाजे बंद झालेले असतात. म्हणून नेमणूक झाल्याच्या पहिल्या वर्षीच सामाईक सेवा केंद्रात जाऊन नाव घालावे.

शेवटी उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी मणिबेन भारिया यांच्या गुजरातमधल्या प्रकरणात सेविका आणि मदतनीस दोघींना उपदानाचा हक्क आहे असा निकाल दिला. पाच वर्षे सलग सेवा हवी. सूत्र: शेवटचे मासिक मानधन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. समजा शेवटचे मानधन १५,००० आणि सेवा २५ वर्षे, तर २,१६,३४६ रुपये होतात. १९७२ चा उपदान कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला, सूत्र तेच राहिले. हिशेब करताना केंद्र आणि राज्य दोन्ही वाटे धरायचे. फक्त ४,५०० वर आकडा काढून कोणी कागद पुढे केला तर सही करू नये. अर्ज निवृत्तीनंतर तीस दिवसांच्या आत लेखी द्यावा, सोबत नेमणुकीचा आदेश, रुजू झाल्याचा कागद आणि शेवटच्या वर्षाचे पासबुक जोडावे, आणि आवक क्रमांकाचा शिक्का स्वतःच्या प्रतीवर मारून घ्यावा. रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत मिळाली नाही तर त्यापुढे व्याज लागते, ते मागायला त्या शिक्क्याची तारीख लागते.